चौदा वर्षांचा पाऊस

धायरीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात उत्कर्षा आपल्या लॅपटॉपची वाट बघत बसली होती. काउंटरपाशी एक आजी-आजोबा जुना कॉम्प्युटर घेऊन आले होते. दुकानदाराशी चाललेलं त्यांचं बोलणं आपसूक तिच्या कानावर पडत होतं.

"सगळं पेन ड्राइव्हवर घेतलंय. तुम्ही खुशाल फॉरमॅट मारा," आजोबा म्हणाले.

"काका, उघडून बघितल्याशिवाय मी काही पुसत नाही. हे बघा, यात नुसते शॉर्टकट आलेत. फाइल कॉम्प्युटरमध्येच राहिलीय."

"म्हणजे दारावरची पाटी आणलीत आणि घर तिथंच," आजी म्हणाल्या.

"एवढं आहे काय त्यात?"

"धायरीचा पाऊस. चौदा वर्षांचा, रोजचा," आजोबा म्हणाले.

"हे गॅलरीत बाटली लावून मोजतात. कपडे मी घरात वाळत घालते."

"झालं, काका. आता खरी फाइल आली. पुसू?"

"थांबा," आजी म्हणाल्या. "एकोणीस सालचा ऑगस्ट आलाय का बघा."

"आलाय. एकही दिवस रिकामा नाही."

"तो महिनाभर हे दवाखान्यात होते."

उत्कर्षाने हातातला फोन खाली ठेवला.

"मग पाऊस मोजला कोणी?" दुकानदाराने विचारलं.

"बाटली होतीच की गॅलरीत," आजी म्हणाल्या. "आता खुशाल पुसा."