खारीचे दात

—नाही, बोलू नकोस. ट्रे तोंडात असताना जीभ हलली की दातांचं माप बिघडतं, आणि बोलणी मला खावी लागतात, तुला नाही. नाकानं श्वास घे. डोकं मागे टेकव. पुदिन्याची चव लागतेय ना? आधी बरी वाटते, मग मळमळतं. मावशी लॅबमध्ये गेलीये, येईलच — डॉक्टर ती, मी आपली भाची आणि हरकामी, पण मापं हल्ली मीच घेते, तेव्हा घाबरू नकोस. पोहण्याच्या टीमची कप्तान म्हणवतेस आणि खुर्चीचे हात किती घट्ट धरलेस गं.

तर झोपेत दात खातेस म्हणे. तुझ्या आईनं मावशीला फोनवर सांगितलं, अशी करकर करते की शेजारच्या खोलीत जाग येते. म्हणून तर ही रात्री घालायची दातांवरची टोपी करायची. आणि हे कधीपासून, तर तुमच्या टीममधली खार गेली तेव्हापासून. मी मनात म्हटलं, अच्छा. झोपेत दात कोण खातं? ज्याला आतून काहीतरी खातंय तोच. पोहण्यात खारीच्या खालोखाल तूच होतीस, ती होती तोवर तुझं कायम दुसरं पदक, आणि आता पहिलं — हे मी नाही म्हणत, सगळे म्हणतात. बरं, सगळे नाही. मीच म्हणते. भुवया खाली घे, मापावर ताण येतो.

तुला काय, तुझे बाबा घरी आहेत. माझे, म्हणजे तुमचे कोच, पोलिसांनी धरलेत. का, तर तलावात खार सापडली तेव्हा तिच्या मुठीत बाबांची शिट्टी होती. कोच रागावला असेल, झटापट झाली असेल, पोरीनं गळ्यातली शिट्टी ओढली असेल — झालं, लिहून मोकळे. आणि शिट्टी तर बाबांनी तिला दिलेली होती. हो, दिली होती. आमच्या स्वयंपाकघरात, चहा पिताना, स्वतःच्या गळ्यातली काढून तिच्या गळ्यात घातली. वर्षानुवर्षांची पितळी शिट्टी. लहानपणी मी मागून मागून रडायचे तर म्हणायचे, हे खेळणं नाहीये. आणि तिला घालताना काय म्हणाले — ही माझी खरी पोर. मी समोर कपबश्या विसळत होते. खरी पोर. असो. मला काही वाटलं नाही. ते असंच बोलतात, मनात काही नसतं त्यांच्या.

काय बघतेस अशी? मग पोलिसांना सांगत का नाहीस — हेच ना? सांगणारच होते. बाबांनीच नको म्हटलं. भेटायला गेले तर म्हणाले, शिट्टीचं कुठं बोलू नकोस, तू काही बोलूच नकोस कुणाशी, वेळेवर जेव आणि दाराला कडी घाल. आणि बघत राहिले माझ्याकडे. कधी एवढं बघितलं नव्हतं. आता तूच सांग, शिट्टीचं बोललं तर ते सुटतील, मग का नको म्हणतात? मला कळत नाही. म्हणजे, कळत नाहीच.

म्हणून म्हटलं, आपणच शोधावं. मी सगळ्यांवर नजर ठेवून आहे. तलावाच्या वॉचमनवर, तिच्या भावावर, तुझ्यावर. आणि हे कुणी मुद्दाम केलं असेल असंही नाही बरं का. संध्याकाळची वेळ, सगळ्या पोरी गेलेल्या, फरशी ओली. कुणीतरी म्हटलं असेल, दे ती शिट्टी. खार हसली असेल, तिचं ते पुढच्या दोन दातांचं हसू, ज्यावरून खार नाव पडलं, म्हणाली असेल, मग सरांकडूनच माग ना. दोरी इकडून ओढली, तिकडून ओढली. अशा वेळी धक्का द्यावाच लागत नाही, नुसतं सोडलं की पुरे. माणूस मागे जातं, डोकं काठावर आपटतं, की पाण्यात. आणि पाण्यात पडली म्हणून काय झालं, खार ती, येईल वर, असंच वाटणार की कुणालाही. घाबरवायला करतेय असंही वाटेल. नाटकी होतीच ती. मग कोण थांबणार बघत?

म्हणजे, असं झालं असेल. मी आपला अंदाज सांगितला. असे डोळे मोठे करू नकोस, हलू नकोस, ट्रेमधला लगदा अजून घट्ट व्हायचाय.

ऐकलंस? ते टक टक. ते तुझ्या मागचं कपाट आहे ना, त्यात साचे असतात, पेशंटांच्या दातांचे, प्लास्टरचे. खारीला तारा लावायच्या होत्या म्हणून तिचाही केला होता मी, वरचा, खालचा, बिजागरीवर बसवलेला. तो वाजतो. आपणहून. तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मावशी म्हणते उंदीर. उंदीर बिजागरी उघडतो का? मला माहितीये ते काय आहे. मारणारं माणूस जवळ आलं की मेलेल्याला कळतं. म्हणून तर तुझी वेळ मी दुपारची दिली, मावशी नसतानाची — म्हटलं, बघू वाजतंय का. आणि बघ, तू खुर्चीत बसलीस आणि लागलं वाजायला. आता काय म्हणशील?

वॉचमन दाढ दाखवायला आला तेव्हाही वाजलं होतं, खरं आहे. तिचा भाऊ आला तेव्हाही. मावशी समोर असताना तर रोजच, म्हणून मध्ये दोन दिवस मी मावशीवरच डोळा ठेवला, काय सांगू तुला. कुरियरवाला तर तिला ओळखतही नव्हता, तरी वाजलं. हे सगळे मिळून तर नसतील ना. मग मी आज लवकर आले, कुलूप उघडलं, दिवे लावले, म्हटलं कुणीच नसताना एकदा ऐकून बघू, तर आत —

थांब. तोंड उघड. ट्रे काढते. थुंक. चूळ भर. काही बोलू नकोस. मी तुला काही विचारलं का? मग कशाला बोलायचंय. पर्स घे तुझी. आणि एक काम कर, दाराबाहेर उभी राहा. तुझ्यामुळे वाजत असेल तर थांबेल. जिन्यापर्यंत जा. खाली उतर, रस्त्यावर जा, मी खिडकीतून बघते. हं, तिथेच थांब, त्या खांबापाशी.

ऐकू येतंय का गं तुला तिथे? मला येतंय.

वर येऊ नकोस. टोपी तयार झाली की मावशी फोन करेल. जा तू.