फुकटचा तास

…बंद पडली तर पडू द्या, घाबरायचं काय त्यात? क्लच दाबा, पुन्हा चालू करा. मागचा हॉर्न वाजवतोय तर वाजवू दे, तो काय आईच्या पोटातून शिकून आलाय? हां, आता सोडा हळूहळू — निघाली की नाही? आणि मी आहे ना ताई, माझ्याही पायाशी ब्रेक आहे, तुम्ही चुकलात की मी दाबतो, त्याचाच तर पगार घेतो.

काय म्हणालात? नाही, स्वतःची गाडी नाही. होती, विकली. हसा, सगळेच हसतात — गाडी शिकवणारा सर आणि घरी जातो चालत. गुडघ्यांना बरं असतं म्हणून सांगतो मी. खरं म्हणजे एकट्याने चालवतच नाही आता. इथे, तुमच्या शेजारी, ठीक असतं. दुसरा गिअर टाका — मालक म्हणतो गाडी सर्व्हिसिंगला टाकून ये, गॅरेज पार शहराबाहेर, मग मी कुणाला तरी बरोबर घेतो, म्हणतो चला, मोठ्या रस्त्याची प्रॅक्टिस होईल, एक तास फुकट. लोक खूश, सर दिलदार आहेत म्हणे. कसला दिलदार. आजही टाकायचीय, म्हणून मघाशी तुम्हालाही विचारलं ना — तुम्हाला मुलीला शाळेतून घ्यायचंय, बरोबर आहे, जायलाच हवं. आणि नंतरच्या दोघांनी आज नेमकी दांडी मारली. म्हणजे तुम्ही उतरलात की मी एकटाच. बघू. आरसा बघा, आरसा.

का म्हणजे? सांगण्यासारखं काही नाही हो. गेल्या वर्षी असाच गॅरेजला निघालो होतो. सकाळी बायकोची कुरकुर — नळ गळतोय, तुमचं लक्ष नसतं — म्हटलं संध्याकाळी वायसर आणून बसवतो. खरंच आणणार होतो. पुढे वळण आलं आणि मनात आलं, हे घ्यायचंच नाही. बस्स. गिअर बदलायला लागतो तेवढा वेळ. लोकांना वाटतं माणूस महिनोन्महिने ठरवत बसतो — असतील तसेही — पण माझं ठरलं होतं ते फक्त वायसर आणायचं. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून वाचलो. विद्यार्थी होता एक, विचारतो, सर, उद्या रिव्हर्स शिकवणार का? शिकवतो म्हटलं. गाडी कडेला घेतली आणि असा रडलो, शर्ट ओला झाला.

दुःख म्हणावं तर तेही नाही. मेहुणा तोंडावर विचारतो, काय कमी आहे तुम्हाला? कमी काहीच नाही. दाढ ठणकते ना, तशी ठणक, फक्त दाढ सापडत नाही — कुठे बोट ठेवून दाखवू? वाढली की एकच वाटतं, थांबू दे, कसंही थांबू दे. थोडा वेळ कुणी शेजारी बसलं की ओसरते, हे मला माहितीये. पण त्या वेळी नेमकं तेच माहीत नसतं. डॉक्टर? गेलो होतो. गोळ्या दिल्या, बरं वाटलं, बरं वाटलं म्हणून सोडल्या — शहाणाच मी. बायकोला गोळ्या माहितीयेत, ते वळण नाही. तुम्हीच पहिल्या. आणि तुम्हाला कशाला सांगतोय मी, तुम्हाला अजून चढावर गाडी धरता येत नाही.

आज? आज सकाळपासून आहे जरा. माझ्याकडे नको ताई, समोर बघा.

इथेच घ्या, शाळेच्या भिंतीला लागून. हँडब्रेक. छान लावलीत, आजपर्यंतची सगळ्यात छान. नाही, तुम्ही नका थांबू, मुलगी वाट बघत असेल. लावतो बायकोला फोन — लावतो म्हटलं ना. ती येईपर्यंत बसतो इथे, त्या वॉचमनजवळ. फक्त चावी काढा. माझ्या हातात नको, तुमच्या पर्समध्ये टाका. मालकाला काय सांगायचं ते मी बघतो. आणि ऐका — मी मागेन परत. हसत हसत मागेन, गोड बोलेन, म्हणेन मालक ओरडेल. द्यायची नाही. काही झालं तरी नाही. कळलं? जा मग.

ताई — अहो ताई, एक मिनिट. गंमत केली हो. तुम्ही पण ना, लगेच खरं मानता. आणा ती चावी इकडे.