काचेतला समुद्र

नाही, तसं नाही ताई. पत्र तुम्ही आणलंत, खाली सही आमच्या लेकीचीच आहे, सगळं बरोबर आहे. पण मी म्हणतो, तीन कापडी प्राणी न्यायला अख्खी गाडी पाठवली, त्या गाडीत ती स्वतः बसली असती तर काय टायर फुटला असता? बसा. स्टूल डुगडुगतं, भिंतीकडे सरकवा जरा, हां. प्राणी इथंच आहेत, कुठं पळून जातायत — हे काय माझ्या डोक्यामागच्या फळीवर, ससा, कासव आणि अस्वल. तुमच्या सिनेमातले तिघं. म्हणजे तुमचे लेकीनं यांच्यावरून काढलेत. आता तुम्ही यांना काचेच्या पेटीत ठेवणार, खाली पाटी लावणार, सुट्टीत पोरं बघायला येणार — छान आहे. पण फोनवर मी काय सांगितलं होतं? ती आली तर देईन. तिच्याच हातात देईन. आई गेल्यापासून अकरा वर्षं ही पायरी चढलेली नाही ती. जन्मभर धंदा केलाय ताई, माल कधी सोडायचा आणि कधी धरून ठेवायचा, एवढं कळतं मला.

घाई आहे? असू द्या. शाळा माझी चौथीपर्यंत, बाकी सगळं याच काउंटरवर शिकलो. जो खेळणं हातात न घेताच किंमत विचारतो तो घेत नाही, आणि जो उचलून गालाला लावतो त्याला किंमत विचारायचं भानच राहत नाही — हे कुठल्या पुस्तकात नसतं. आणि दुकानात जे आहे ते विकायचं, हा नेम. एकदा सासरे आत चहा पीत बसले होते, त्यांची छत्री दाराच्या खुंटीला — विकली! गिऱ्हाईकानं बोट दाखवलं, मी काढून दिली, नंतर लक्षात आलं. सासरे भिजत घरी गेले. आमची ही चार दिवस बोलली नाही माझ्याशी आणि पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता — नाही, भांडी घासता घासता — एकटीच हसायला लागली. तशीच होती ती. हे प्राणी तिनंच शिवले, दुपारी गिऱ्हाईक नसलं की तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसून. चार शिवले होते. तुम्ही सिनेमा बघितलाय, तुम्हाला काय सांगायचं — चौथं साळिंदर. त्याचे काटे म्हणजे माझ्या बुटाच्या ब्रशाचे केस. मला न विचारता कापलेले.

तर त्या वर्षी शाळेला सुट्टी लागली आणि सगळ्या वर्गातली पोरं कुठं कुठं गेली. आम्ही नाही. सुट्टी म्हणजे खेळण्यांच्या दुकानाचा हंगाम, तो टाकून समुद्रावर जातो कोण? लेक सात वर्षांची. रडली नाही, हट्ट नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर रस्त्याकडच्या काचेत निळा कागद अंथरलेला, पुढं पिशवीभर वाळू, आणि वाळूत हे चौघं बसलेले. म्हणाली, आपण नाही तर नाही, हे तरी गेले. रोज दुपारी पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून त्यांच्याकडे बघायची आणि आत येऊन मला बातमी द्यायची — आज कासव खोल गेलं, आज अस्वलाचं नाक सोललं उन्हानं. आता तुमचा सिनेमा काय आहे? चार मित्र सुट्टीला समुद्रावर, एक हरवतो, तिघं शोधतात. ही तुमच्या कंपनीची अक्कल नव्हे ताई, ही माझ्या दुकानाची काच आहे.

साळिंदर कसं गेलं? अहो, एक साहेब आले, कडेवर मूल, मूल काचेकडे हात करून किंचाळतंय. मी म्हटलं, साहेब, ते विकायचं नाही, घरचं आहे. ते म्हणाले, काचेत ठेवलंय ना? त्यांचंही खरंच होतं. त्यांनी दुप्पट म्हटलं, मूल रडून निळं पडायला आलं — काय करणार माणूस? दिलं. लेक दुकानात नव्हती. मला वाटलं, आमची ही नवं शिवेल. पण हिची नजर तेव्हाच अधू झाली होती, सुईत दोरा जाईना.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, साळिंदर कुठंय? मी म्हटलं, त्याला समुद्र आवडला, राहिलं तिकडंच. आणि एकदा म्हटलं की निभावायला लागतं. मग मी पत्रं लिहिली. हसू नका. साळिंदराच्या नावानं, डाव्या हातानं, म्हणजे किमतीच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर ओळखू येऊ नये. मी, चौथी पास! एक बोटं मोजणारा खेकडा घातला, एक जहाज घातलं ज्याला पोहता येत नाही. चांगली जमायची हो. ती उत्तर लिहायची, पोस्टात टाकायला माझ्याचकडे द्यायची. दोन वर्षं चाललं. मग एक दिवस तिचं उत्तर आलं — आता पत्र नको पाठवूस, तुझा हात दुखत असेल. मी म्हटलं, झाली मोठी, सुटलो.

मी बघितला का सिनेमा? बघितला ना. तिकीट तिनंच पाठवलं, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. दुपारच्या खेळाला गेलो, आजूबाजूला सगळी पोरं आणि मी एकटा म्हातारा. पडद्यावर निळा कागद दिसला तेव्हा बाजूच्या पोराला मी सांगितलंसुद्धा, हे माझं दुकान आहे. आणि मग काउंटरवर तो बोका. जाडा, चष्म्याला दोरी — ही बघा दोरी. पोरं खो खो हसतात. ठीक आहे, मीही हसलो, बापाची थोडी चेष्टा केली तर बिघडलं काय. साहेब येतो, मूल रडतं, बोका म्हणतो विकायचं नाही. साहेब जातो. आणि बोका —

काही नाही. पाणी घेता?

तुम्ही तर बघितलंयच, मी लपवून काय उपयोग. साहेब निघून गेले होते ताई. दुप्पट-बिप्पट काही म्हटलं नव्हतं त्यांनी. नको तर नको म्हणाले, मुलाला थोपटत कोपऱ्यापर्यंत गेले. मीच साळिंदर उचललं, दुकान उघडं टाकून रस्त्यावर धावलो, आणि हाक मारून त्यांना परत बोलावलं. हातचं गिऱ्हाईक चाललं होतं, पाय आपोआप निघाले. हे मी हिलाही कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. मग पडद्यावर आलं कुठून? पलीकडचा फुटपाथ. उभी होती ती. म्हणजे पहिल्या दिवसापासून — आणि तरी दोन वर्षं पत्रं वाचली, त्यांना उत्तरं लिहिली, माझ्याच हातात दिली. बोक्यानं हाक मारली आणि मी उठलो. लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आलो. पुढचा बघितलेला नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो, खरं सांगा. पुढं बोक्याचं काय करतात? पोरांचा सिनेमा आहे, त्यात वाइटाचंही काहीतरी करतातच — एक तर चिखलात पाडतात, नाही तर शेवटी माफ करून गाण्यात घेतात. मला दोन्ही चालेल. साळिंदर सापडतं तेव्हा असतो का तो तिथं?

नसतो.

आणि सगळे परत येतात, तेव्हा? दुकानच नाही दाखवलं? बरं. मग पत्रं? पत्रं आहेत ना? आहेत! त्या पत्रांवरूनच तिघांना वाट सापडते — बघा, मला वाटलंच. खेकडा आहे? बोटं मोजणारा? जहाजसुद्धा? हॉलमध्ये रडतात माणसं त्या पत्रांना. मग ती कोण लिहितं दाखवलंय? साळिंदर. स्वतः. बोक्याचा त्यात काही — नाही.

म्हणजे मी उठलो तिथंच त्याचं काम संपलं होतं. मग मी त्याला पूर्ण पाहिला की.

घ्या. सशाचा कान सांभाळा, एका टाक्यावर आहे. कासव उलटं ठेवू नका, पोटात भुसा आहे, खाली येतो. पावती? पावती कसली, विकलेत का मी? नाही, निरोप वगैरे काही नाही. गाडीवाला केव्हाचा हॉर्न वाजवतोय, जा तुम्ही. जा ताई. वळून बघू नका, मी हाक मारणार नाही.