हमिदाचा मधला मजकूर

मंडळी, बोलायला इतक्या उशिरा उठलो, माफ करा. शोकसभेत सगळ्यांचं झाल्यावर बोलायचं म्हणजे लोकांना चपला शोधू न देणं. पण न बोलता घरी गेलो असतो तर झोप लागली नसती. मी बशीर, कसब्यातला बाइंडर. शाळा सातवीपर्यंत.

दिगंबरराव गेले. त्यांच्या टायपिंगच्या दुकानात माझी बायको हमिदा आजारपणात रोज जाऊन बसायची. ती आठवणी सांगायची, ते टाइप करायचे. मला म्हणायची, "छापून आल्यावर वाचा." ती गेली. पुस्तक राहिलं.

टाइप करताना दिगंबरराव मधेमधे कंसात स्वतःच्या शंका लिहीत. शेवटी ते सगळे कंस एका फटक्यात काढायला त्यांनी कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे मशीनला शोधून पुसायचा हुकूम. उघडणारा कंस, टिंब, चांदणी, बंद होणारा कंस. टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, चांदणी म्हणजे कितीही. नंतर त्यांनीच मला हे मजेत समजावलं. चांदणी हावरट असते, मंडळी. पहिल्या बंद कंसाशी थांबत नाही, ओळीतल्या शेवटच्या कंसापर्यंत सगळं गिळते, दोन कंसांमधलं हमिदाचं बोलणंसुद्धा. तिला आवरायला पुढे एक प्रश्नचिन्ह लागतं. ते त्यांनी टाकलं नाही. हमिदाचा एकेक परिच्छेद म्हणजे एकेक लांब ओळ. सगळ्या फायली तशाच सेव्ह झाल्या.

आता काय उरलं? "लग्नाच्या पहिल्या वर्षी मी चिडून माहेरी, मांजरी गावाला गेले." आणि लगेच, "म्हणून परत आले." का आली? ते मधे होतं.

मी दिगंबररावांना म्हणालो, "अहो, निदान तोंडी सांगा."

"बशीरमियाँ, मी टाइप करतो. ऐकत नाही."

"मूळ प्रत?"

"असेल मशीनमध्ये. शोधतो. घाई काय? बाई आता कुठं जाणार आहेत?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. प्रत त्यांच्याकडे होती ना.

आज सगळे म्हणाले, दिगंबरराव मनमिळाऊ होते. असतील. मला शोधून दिलं नाही, आणि गेले.

निखिल, तू आत्ताच म्हणालास, बाबांच्या मशीनमधलं सगळं पुसून ते शाळेला देणार. चांगलं काम आहे. पण आधी बघ. प्रत असेल तर सांग. नसेल तर तसं सांग. माझीही छाती हल्ली दुखते.

मंडळी, आता दिगंबररावांसाठी शांत उभे राहू. निखिल, तू थांबला नाहीस तरी चालेल. दुकान समोरच आहे, आणि ते मशीन सुरू व्हायला वेळ लागतो. जा बाळ, आणि लवकर कळव.