मधला थांबा

वेस्ट व्हर्जिनियातल्या फिडल-बँजो स्पर्धेची रांग नावनोंदणीच्या टेबलापाशी अडली होती. पुढच्या दोघांची जुंपली होती, आणि मागे बँजो घेऊन उभी असलेली व्हर्ना ऐकत होती.

“‘स्टिडमची धून’ असंच लिहा, आमच्या घराण्याच्या नावाने. माझ्या आजोबांनी रचलीय.”

“रचली? क्लेटस, आमच्या कुंपणाला टेकून ऐकली त्यांनी! धून माझ्या पणजोबांची.”

“पुरावा काय, डेल्फियाबाई?”

“मग धून वाजवताना मधेच फिडलचा गज का थांबवता तुम्ही?”

“ती आमच्या घराण्याची खूण आहे. चुकलो की आजोबा हातावर छडी मारायचे.”

“खूण म्हणे!”

“मग? अख्खं खोरं तिथे थांबतं. परीक्षकसुद्धा माना डोलावतात.”

व्हर्नाही तिथे थांबायची. महिनाभर तेच घोटलं होतं तिने.

“लाज वाटू द्या जरा! खाणीत राबून पणजोबांच्या छातीत कोळसा साठला होता. धून अर्ध्यावर आली की त्यांना ढास लागायची, म्हणून गज थांबायचा.”

“ढास?”

“हो, ढास! धून उचललीत ती उचललीत, मेल्यांनो, त्यांचा खोकलाही सोडला नाहीत!”