एकशे बारा पायऱ्या

डुब्रोव्हनिकच्या बसस्टँडवर लुत्सा आणि काते ‘खोली मिळेल’ अशा पाट्या धरून उभ्या होत्या. लुत्साची खोली तळमजल्यावर, कातेची पार वर चढावर. समोर एक म्हातारं जोडपं.

“तळमजल्याचीच घेऊ. गुडघे बघ तुझे!”

“तिथून समुद्र दिसत नाही, विंको. जा, आधी बॅग घेऊन ये.”

तो वळताच म्हातारी कातेला म्हणाली, “पायऱ्या किती हो?”

“एकशे बारा.”

“त्याला चाळीस सांगा. नजर हिवाळ्यापर्यंतच टिकेल म्हणतात डॉक्टर. एकदा समुद्र पोटभर बघू दे त्याला.”

विंको परतला. “किती पायऱ्या?”

“चाळीस.”

“म्हणजे शंभराच्या वर. चल, झ्देंका. दर वीस पायऱ्यांवर बसू. समुद्र कुठे पळून चाललाय? तोवर तुझ्याकडे बघत बसेन.”

लुत्साने आपली पाटी काखेत मारली आणि त्यांची बॅग उचलली.