सगळं फार चांगलं आहे

(दुपार. तलासरीजवळच्या एका पाड्यावर भारतीच्या घराचा ओटा. भारती वाल निवडतेय. शेजारची निलम हातात पत्र घेऊन बसलीय.)

निलम : ...आणि पुढे लिहिलंय, ‘इथलं जेवण उत्तम आहे. साहेब लोक फार दयाळू आहेत, असे साहेब नशिबाने मिळतात.’ ऐकताय ना, वहिनी?

भारती : ऐकतेय. हे अक्षर चिमणचं नाही.

निलम : नाही. बरोबरच्या कोणी खलाशाने हिंदीत लिहून दिलंय, मी तुम्हाला मराठीत सांगतेय. त्यांची मासेमारीची बोट पाकिस्तानने पकडली त्याला आठ महिने झाले. हे पहिलं पत्र. सासूबाई तर ऐकून हसल्या. म्हणाल्या, पोरगा सुखात आहे.

भारती : त्यांना तसंच वाटू दे. तू मात्र समजून घे. जेलमधून पत्र निघतं ते आधी तिथले लोक वाचतात, मग पाठवतात. आमचा विनोद साडेतीन वर्षं तिथे होता. सात पत्रं आली, सातही अशीच. डाळ उत्तम, साहेब उत्तम, थंडी पडलीय तीसुद्धा उत्तम. आम्ही चिकूच्या वाडीतल्या बाया याला मस्का म्हणतो.

निलम : म्हणजे सगळं खोटं?

भारती : खोटं कशाला म्हणू? त्याला तिथे दिवस काढायचे होते. इथे मी तरी दुसरं काय केलं? आधी मला कोणाशी गोड बोलता यायचं नाही. मग दोघी-तिघी मिळून गुजरातला बोटीच्या शेठकडे गेलो. तो भेटेचना. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा मी हात जोडून म्हटलं, “शेठ, तमे तो देवमाणस छो.” तेव्हा कुठे त्याने विनोद त्याच्या बोटीवर होता याचे कागद दिले. मदतीच्या पैशांसाठी सरकारी ऑफिसात गेले की साहेबाला सांगायचे, तुमच्यामुळे आमची चूल पेटते. चूल पेटायची ती मी सरावलीच्या वाडीत चिकूचे क्रेट उचलायचे म्हणून. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला हार घेऊन उन्हात उभी राहिले. कोणाला हरभऱ्याच्या झाडावर किती चढवायचं, ते बरोबर कळायला लागलं. घरी आले की आधी तोंड धुवायचे.

निलम : वहिनी, शेवटी माझ्याबद्दलपण लिहिलंय. ते मी सासूबाईंना वाचून नाही दाखवलं.

भारती : मला दाखव.

निलम : ‘निलमचं हसणं फार सुंदर आहे. अशी बायको नशिबाने मिळते.’ आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. असलं काही कधी बोलला नाही तो. आधी मला इतका आनंद झाला, पत्र उशाशी घेऊन झोपले. मग सकाळी पत्रात वर पाहिलं, तर साहेबसुद्धा नशिबानेच मिळालेत. तेव्हापासून टेन्शन आलंय. माझापण मस्काच का, वहिनी?

भारती : मलाही असंच झालं होतं. विनोदचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ‘चालेल’. भाकर वाढली की बोट लावून बघायचा. जाड झाली, कच्ची राहिली, मीठ कुठेय, रोज काहीतरी. मी पण सोडायची नाही, आमचं भांडण पाड्याच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. आणि तिसऱ्या पत्रात लिहिलं, तुझ्या हातच्या नागलीच्या भाकरीसारखी भाकर जगात नाही. मला धडकीच भरली. आपल्याकडे माणसाला चांगलं कधी म्हणतात? तो गेल्यावर. किंवा आपण निघालो की. मला वाटलं, हा निरोप घेतोय. विवळवेढ्याला चालत गेले. देवीला म्हटलं, मला गोड बोलणारा नको. नावं ठेवायला परत आण.

निलम : आणलं ना तिने.

भारती : आणलं. दोन वर्षं झाली, वैशाखात सुटून आला. तलासरीच्या नाक्यावर अख्खा पाडा गोळा झाला होता. पार वाळला होता, बाकी हातपाय धड. घरी आल्यावर मी भाकर टाकली. लक्ष सगळं त्याच्याकडे, करपली. तो म्हणाला, “फार चांगली आहे.” म्हटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी मीठच विसरले. “फार चांगली आहे.” पोरीने त्याच्या पायावर चहा सांडला, तर तिला म्हणाला, “काही नाही, मेहरबानी.” पोटच्या पोरीला मेहरबानी! ती घाबरून माझ्यामागे येऊन उभी राहिली. मग एक दिवस मी मुद्दाम कालवण खारट केलं, तोंडात घालवेना असं. त्याने सगळं संपवलं. ताट स्वतः धुतलं आणि म्हणाला, उत्तम होतं.

निलम : तुम्ही काही विचारलं नाही?

भारती : एकदाच विचारलं. इथेच, ओट्यावर बसलो होतो. म्हटलं, “विनोद, पत्रात माझ्या भाकरीचं लिहिलं होतंस, ते खरं होतं का?” तर तो उठून उभा राहिला गं. हात असे बाजूला घेऊन. खाली बघत म्हणाला, “हो. फार चांगली असते.” मी म्हटलं, बस. तेव्हा बसला. परत नाही विचारलं मी.

निलम : अजून तसंच आहे?

भारती : बोलणं तसंच. पण यंदा आवणीच्या आधी खालच्या शेताचा बांध मी एकटीने घातला. वाकडा झाला, पाणी झिरपत होतं. त्याला दाखवला. म्हणाला, फार छान झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी भाताची रोपं घेऊन गेले, तर हा माझ्याआधी शेतात. मी घातलेला बांध उकरून काढला होता आणि नवा, सरळ घालत होता. कोपरापर्यंत चिखल. पूर्वीचा विनोद असता तर तिथूनच ओरडला असता, “भारती, हा काय बांध आहे?” मी तिथेच डोक्यावर रोपं घेऊन उभी राहिले. म्हटलं, आता बोलेल, आता बोलेल. माझ्याकडे बघून हसला आणि परत चिखल थापायला लागला.

निलम : बोलला नाही?

भारती : नाही. पण माझा बांध वाकडा आहे, हे त्याला दिसलं ना? मला तेवढंही पुष्कळ वाटलं. घरी येऊन रडले.

निलम : मग चिमणने माझं लिहिलंय, ते काय समजू?

भारती : ते त्याच्या मनातलं असेल, बाय. पण रोज साहेबांशी बोलून बोलून जिभेवर तेवढेच शब्द राहतात. तुझ्यासाठी वेगळे कुठून आणेल? तू उत्तर लिहिलंस?

निलम : लिहिलंय. ‘प्रिय पतिदेव, तुम्ही जगातले सगळ्यात चांगले...’

भारती : घरी त्याला तुम्ही म्हणतेस?

निलम : छे. चिमण्या म्हणते.

भारती : मग हे नको पाठवू. मी पण सातही पत्रांना अशीच गोड गोड उत्तरं दिली. वाटायचं, त्याला बरं वाटेल. आता वाटतं, एक जरी पत्र भांडून लिहिलं असतं, तर घरचं काहीतरी त्याच्याजवळ राहिलं असतं. तुमचं कशावरून वाजायचं?

निलम : कशावरूनही. वही आहे माझ्याकडे. लिहू?

भारती : लिही. मोठ्याने वाचत लिही.

निलम : ‘चिमण्या, तू बसवलेलं मागचं दार पावसात फुगलं. लागत नाही. मी तेव्हाच सांगत होते, लाकूड ओलं आहे. तू कधी ऐकलंस माझं?’ ...वहिनी, हेपण ते लोक वाचतील ना?

भारती : वाचू दे. पुढे लिही.

निलम : ‘प्रविणकाका म्हणाले, रंधा मारून देतो. मी नको म्हटलं. रोज दोरीने बांधते. तू येऊन नीट कर.’